दिवाळीला उघडं, मिरगाला बंद : सत्तरी तालुक्यातल्या एका गंजीची हकिकत

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गावातल्या एका काकांच्या धाकट्या नातवाने गवताच्या गंजीत हात घातला आणि ओरडत बाहेर काढला. हात भाजला नव्हता, पण चुलीजवळ धरल्यासारखा तापला होता. पोराला मजा वाटली. काकांनाही फारसं काही वाटलं नाही, "नवं तण आहे, थोडं तापतंच," म्हणाले. ते खोटंही नव्हतं. नवं गवत रचल्यावर थोडं तापतंच. किती तापलं की घाबरायचं, एवढंच घरात कोणाला माहीत नव्हतं.

मी त्या गावातल्या दूध संस्थेचा सचिव. रोज सकाळ-संध्याकाळ काकांच्या घरचं दूध माझ्या वहीत चढतं, म्हणून हे प्रकरण मला आतून बघता आलं. कोणाची चूक काढायला लिहीत नाही. गंजी कशी रचायची हे सांगताना अर्धं मीच चुकीचं सांगितलं होतं.

घर आणि गरज

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईहून केरीकडे जाणाऱ्या पट्ट्यातलं हे घर. चार संकरित दुभत्या गाई आणि दोन श्वेता कपिला, म्हणजे आपली गोव्याची पांढरी गावठी गाय. थोडी भातशेती, वर डोंगरउतारावर काजूची बाग. बागेत पावसाळाभर कमरेएवढं गवत वाढतं. ते नाही कापलं तर मार्च-एप्रिलमध्ये कोणाच्या तरी विडीने पेटतं आणि काजू ऐन बोंडावर असताना होरपळतात. त्यामुळे गवत कापायचं हे ठरलेलंच होतं. ते फेकण्याऐवजी वाळवून ठेवावं, ही कल्पना वहिनींची, म्हणजे काकांच्या सुनेची.

त्याआधी घर सगळं पेंढ्यावर चालायचं. पण 2019 च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाचा पाऊस आला, कापलेलं भात शेतात तरंगलं आणि पेंढा काळा पडला. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा गोठ्याचे पत्रे उडून उरलेला पेंढा भिजला. शिवाय आता कापणीला मशीन येतं. दाणे तासाभरात पोत्यात जातात, पण पेंढा चिखलात विस्कटून पडतो. पूर्वीसारखी पेंढी बांधून उडवी रचायला माणूसही नाही आणि सरळ काडीही नाही. घाटावरून ट्रकने येणारा पेंढा घ्यायचा तर दुधाचे पैसे तिकडेच जातात.

हिशेब मीच मांडून दिला होता. फेब्रुवारी ते मे हिरवं मिळत नाही. पावसात हिरवं भरपूर, पण त्यात पाचात चार भाग पाणी. नुसतं तेच खाल्लं की शेण पातळ होतं आणि फॅट उतरतं, म्हणून तेव्हाही रोज तीन किलो तरी कोरडं पोटात जावं लागतं. संकरित गाईला उन्हाळ्यात 5 किलो, पावसात 3 किलो, गावठीला दोन्ही वेळा 3 किलो धरलं तर आठ महिन्यांचं कोरडं सव्वापाच टनांच्या वर जातं. यातलं दीड टन बागेतल्या गवताचं करू, बाकी पेंढा, असं ठरलं.

पावणेतीन टन पाणी

दीड टन सुकं गवत म्हणजे किती ओलं, याचा विचार कापताना कोणी करत नाही. ऑक्टोबरात बी धरलेल्या गवतात साधारण 70 टक्के पाणी असतं. सुरक्षित साठवणीला ते 15 टक्क्यांच्या आसपास आणायचं. म्हणजे दीड टनासाठी सव्वाचार टन कापायचं आणि त्यातून पावणेतीन टन पाणी हवेत घालवायचं. तेही अशा हवेत, जिच्यात आधीच पाणी ठासून भरलेलं असतं.

पुस्तकातला सल्ला आपल्याकडे इथेच फसतो. कोरड्या मुलखातला शेतकरी फुलोऱ्यात गवत कापतो, दोन-तीन दिवस उलथापालथ करतो आणि उचलतो. आपल्याकडे गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा पाऊस चालू असतो. तो थांबेपर्यंत गवत बी धरतं, काडी जून होते, प्रथिनं उतरतात. कुसळी गवत असेल तर आणखी पंचाईत, कारण कुसळं गाईच्या तोंडात रुततात. आपले जुने लोक नोव्हेंबरात, कुसळं झडल्यावर कापायचे. तेव्हा गवतात दम उरत नसे, पण ते सडतही नसे. त्या उशिराला आम्ही अडाणीपणा समजत होतो.

वहिनींनी दसऱ्याच्या सुमारास, पाच दिवस ऊन पडलंय हे बघून, एका दमात सगळी बाग कापून घेतली. कापणारा नायलॉनच्या दोरीचं मशीन घेऊन आला. ती दोरी गवत कापत नाही, फाडते. बारीक तुकडे जमिनीला चिकटून पडतात, वरून वाळतात, खालून हिरवे राहतात. पातं लावलेलं मशीन असतं तर गवत आडवं पडलं असतं आणि उलथायला सोपं गेलं असतं. हे आम्हाला नंतर सुचलं.

तीन दिवस ऊन पडलं. चौथ्या दिवशी दुपारी पूर्वेला घाटाकडे ढग जमायला लागले. परतीच्या पावसाचा काही भरवसा नसतो. मी संस्थेतून फोन केला, "वहिनी, आत घ्या, रात्री धरणार." काकांनी मूठभर गवत चुरगाळून बघितलं आणि म्हणाले, "हाताला सुकं लागतंय. मग सुकलंच की." संध्याकाळपर्यंत सगळं जुन्या गोठ्यात दाबून भरलं. तीन बाजूंना जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, खाली सारवलेली जमीन. पोरं वर चढून नाचली, म्हणजे जास्त मावेल.

पाऊस आलाच नाही. रात्रभर नुसता गडगडाट झाला. हे मी अजून ऐकतो आहे.

हाताला काय लागत नव्हतं

गवताची पात लवकर वाळते आणि हाताला पातच लागते. पाणी असतं पेरात. पेर नखाने खरवडलं आणि आतून ओलसर हिरवं सालटं निघालं, तर वरची पात कितीही कडकडू दे, ते गवत सुकलेलं नसतं. चार दिवसांनी काडी पिळून बघितली तर ती तुटायच्या आधी वाकते, हीसुद्धा खूण. आम्ही दोन्ही बघितलं नव्हतं.

किती ओलं होतं ते योगायोगाने कळलं. वहिनींनी हिशेबासाठी एक किलोची एक पेंढी तोलून आडव्या वाशाला टांगून ठेवली होती. नोव्हेंबरात ती कडकडीत झाल्यावर पुन्हा तोलली तर 840 ग्रॅम भरली. कडकडीत गवतातही 14 टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, तो हिशेब धरला तर गोठ्यात गवत गेलं तेव्हा त्यात जवळजवळ 28 टक्के पाणी होतं. आता हेच दीड टनाला लावा. जास्तीचं पाणी झालं सुमारे 270 लीटर. पाण्याचं मोठं पिंप भरून वर बादल्या उरतील इतकं पाणी आम्ही स्वतःच्या हाताने त्या गंजीच्या पोटात ओतलं होतं.

त्या पाण्यावर गवत जिवंत राहतं. कापलेली काडी लगेच मरत नाही, श्वास घेत राहते, त्याने ऊब होते. मग जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात, आणखी ऊब होते. भिंती तिन्ही बाजूंना, वर पोरांनी दाबलेलं, ऊब जायला वाट नाही. 45 अंशांपर्यंत गेलं तर सहसा आपोआप उतरतं. 55 च्या वर लक्ष ठेवावं लागतं. 65 ला दर काही तासांनी मोजावं लागतं, आणि 75-80 कडे गेलं तर आत आग धरू शकते, बाहेर ठिणगी नसताना. धोक्याचे आठवडे पहिले सहा.

नवव्या दिवशी नातवाचा हात तापला तेव्हा मी संस्थेतलं दुधाचं थर्मामीटर घेऊन गेलो. थेट खुपसलं तर काच फुटते. पाण्याचा लोखंडी पाईप पहारीने वाट करून मध्यापर्यंत घातला, थर्मामीटर सुतळीला बांधून आत सोडलं, दहा मिनिटं थांबलो. 61. संध्याकाळी 62. वास गुळाच्या पाकासारखा, त्यात थोडा तंबाखू. काकांना तो वास आवडला.

अशा गंजीवर चढायचं नसतं. आत जळून पोकळी झाली असेल तर माणूस खाली जातो. आणि घाईने उघडायचीही नसते, कारण हवा मिळताच धुमसणारं पेटतं. 62 ला आग नव्हती, तरी आम्ही सकाळी, वारा पडलेला असताना, विहिरीचा पंप चालू ठेवून, बादल्या भरून, उघड्या बाजूने थोडं थोडं ओढून बाहेर अंगणात पसरलं. चार माणसं, पाच तास. मधून अक्षरशः वाफ निघत होती. एक घोणसही निघाली. ऊब तिलाही आवडली असावी. तेव्हापासून त्या घरात गंजीत हात न घालता दाताळं घालायचा नियम झाला.

तीन रंग

बाहेर पसरल्यावर गंजीचे तीन भाग स्पष्ट दिसले. वरचं आणि कडेचं फिकट हिरवं, चांगलं. मधलं तपकिरी, पाक झालेलं. तळाचं पांढरं, ढेकळासारखं, हलवलं की धुरळा उडणारं. तळाच्या गवताने जमिनीतला ओलावाही ओढला होता, खाली माच नव्हताच.

पांढरं वाईट हे कोणालाही कळतं. गाईंनी तोंड लावलं नाही. गाभण गाईला ते चुकूनही देऊ नये, बुरशीने गाभ पडू शकतो. बुरशी धरलेल्या भातपेंढ्याने म्हशींची शेपटी, कान आणि पायांची टोकं सडतात असा एक आजार उत्तर भारतात माहीत आहे, देगनाला म्हणतात त्याला. आम्ही ते पांढरं गवत शेवटी पाणी मारून दाबलं आणि माडांच्या आळ्यात टाकलं.

पाणी आधी मारायला हवं होतं हे मात्र काकांच्या तापाने शिकवलं. पहिल्या दिवशी ते तोंडाला काही न बांधता ढेकळं फोडत होते. रात्री थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छाती जड. ऑक्टोबरात असा ताप आला की आपल्याकडे डेंग्यू नाहीतर लेप्टो. रक्त दोन्हींसाठी तपासलं, दोन्हींत काही नाही. दोन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी पुन्हा गोठ्यात गेले, रात्री पुन्हा तसाच. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसा काय काम करता?" बुरशीची धूळ श्वासात गेल्यावर चार-आठ तासांनी हा त्रास सुरू होतो, म्हणून सकाळच्या कामाचा आणि रात्रीच्या तापाचा संबंध कोणी लावत नाही. वारंवार झालं तर फुप्फुस कायमचं आखडतं. गुरं पाळणाऱ्या घरात असा ताप आला तर ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

फसवलं ते तपकिरी गवताने. वास गोड, गाईंनी आवडीने, हिरव्याच्या आधी खाल्लं. वहिनी म्हणाल्या, "बघा, उगाच घाबरवलंत." फेब्रुवारीत तेच मुख्य वैरण झालं. आणि माझ्या वहीत दूध 34 लीटरवरून तीन आठवड्यांत 29 वर आलं. गाई तितकंच खात होत्या, पोटं भरलेली दिसत होती. दूध उतरायला उन्हाळा, वेताचे महिने, दुसरी कारणंही असतात, आणि त्यातली एक गाय आटतही आली होती. पण गवत इतकं तापलं की त्यातली प्रथिनं साखरेशी बांधली जातात आणि गाईच्या पोटात सुटतच नाहीत. गूळ होतो म्हणून चव लागते, पण अंगी लागत नाही. शेंगदाणा पेंड वाढवली आणि अळसांद्याचे, म्हणजे आपल्या गावठी चवळीचे, वेल आणले, तेव्हा दूध 32 पर्यंत परत चढलं. पेंडेचा खर्च धरला तर त्या वर्षीचं फुकटचं गवत महागात पडलं होतं.

अळसांद्यांबद्दल जाता जाता: भातानंतरच्या ओलीवर आपण अळसांदे घेतो, शेंगा काढून झाल्या की वेल बांधावर पडून राहतात. ते सावलीत वाळवले तर उत्तम वैरण. उन्हात वाळवले की पानं झडतात आणि हातात नुसत्या दोऱ्या राहतात, आणि सगळा दम पानातच असतो.

दुसरं वर्ष

मुरघास करू, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून ठेवू, असं मी सुचवलं होतं. आपल्या ओल्या हवेला तो जास्त जमतो, संकरित नेपियर गवताची जाड कांडी तर वाळवण्यापेक्षा मुरवलेलीच बरी. पण घरात कुट्टीचं मशीन नव्हतं, आणि काका म्हणाले, "आंबवलेलं गाईला घालायचं?" विषय तिथेच संपला.

दुसऱ्या वर्षी बागेचे चार तुकडे केले. एका वेळी एकच तुकडा, घरातली चार माणसं चार दिवसांत उलथून आत घेऊ शकतील एवढाच. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक याने पडला. पहिल्या वर्षी आम्ही उन्हाचा अंदाज चुकलो असं म्हणत होतो. खरं तर हातांचा अंदाज चुकला होता. एक तुकडा भिजला तर पाव गेलं, सगळं नाही.

कापणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, पात्याच्या मशीनने, दव उडाल्यावर. कापायच्या आधी वहिनी घाणेरी आणि रानमोडीची झुडपं उपटून बाजूला काढत. हिरव्या चाऱ्यात गाई ती टाळतात, वाळलेल्या चाऱ्यात ओळखू येत नाहीत, आणि घाणेरीचं विष वाळून जात नाही. त्याच दिवशी दुपारी एकदा उलथणं. पुढच्या दिवसापासून चार वाजता सगळं छोट्या ढिगांत ओढायचं आणि सकाळी दहानंतर पुन्हा पसरायचं. कारण आपला खरा वैरी दव. दिवसभर गेलेलं पाणी पसरलेलं गवत रात्रीत अर्धं परत घेतं. ढीग केला की फक्त वरची कातडी भिजते.

तिसऱ्या दिवशी मांडवावर. हा काकांचा शोध. बांबूचे खांब आणि पोफळीच्या रिपा बांधून त्यांनी चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीसारखा, पण माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा सांगाडा केला. त्यावर गवत सैल टाकलं की खालून वारा लागतो. पेर वाळायला वाराच लागतो, नुसतं ऊन नाही.

आत घ्यायचं की नाही हे ठरवायला मिठाची बरणी. काचेची कोरडी बरणी, त्यात कापलेलं मूठभर गवत आणि चमचाभर कोरडं बारीक मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर चालेल, गोळा झालं तर अजून ओलं. आपल्या हवेत मीठच आधी ओलं असतं, म्हणून वहिनी ते तव्यावर भाजून घेत. पहिला तुकडा काकांच्या हाताला "सुका" लागल्यावर बरणीत मीठ गोळा झालं. अजून दीड दिवस मांडवावर ठेवला. काका काही बोलले नाहीत, पण त्यानंतर बरणी तेच हलवायला लागले.

साठवणीत जे कळलं ते मला कुठे लिहिलेलं दिसलं नव्हतं. पहिले सहा आठवडे गंजीला वारा हवा, आतली ऊब आणि उरलंसुरलं पाणी जायला. म्हणून खाली वीतभर उंच बांबूचा माच, भिंतीपासून हातभर अंतर, मध्ये भाताचं पोतं भरून उभं केलं आणि रचत जाताना वर ओढत नेलं, म्हणजे धुराड्यासारखी पोकळ वाट राहिली. पाईप कायमचा आत. धुराड्याची दोन्ही टोकं उघडी. सगळ्यात वरचं तापमान 41 दिसलं आणि आठवड्यात उतरलं.

मग मी म्हटलं, आता हे असंच राहू दे, वारा चांगला. इथे मी पुन्हा चुकत होतो. जुलैत हवेची आर्द्रता 90 टक्क्यांपर्यंत असते, आणि तशा हवेत 12 टक्क्यांवर वाळवलेलं गवतसुद्धा पाणी ओढून 20 च्या वर जातं. नोव्हेंबरात ज्या वाऱ्याने गवत वाचवलं तोच वारा आषाढात त्याला बुरशी लावतो. शेजारच्या वाड्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी हे एका वाक्यात सांगितलं: "गंजी दिवाळीला उघडी, मिरगाला बंद." त्यांच्या सासऱ्यांची गंजी अशीच असायची म्हणे. मेअखेर धुराडं पेंढ्याने बुजवलं, पश्चिमेची उघडी बाजू ताडपत्री आणि माडाच्या झापांनी बंद केली, आणि वर हातभर जाडीचा भातपेंढ्याचा थर टाकला. तो थर ओल पितो आणि खराब होतो, त्यासाठीच तो असतो. काढताना एकाच तोंडाने, उभं कापत न्यायचं. चारी बाजूंनी उपसलं की सगळ्या गंजीला हवा लागते.

चारातला एक तुकडा दुसऱ्या दिवशी भिजला. सोन्यासारखा रंग धुऊन राखाडी झाला, तो गाईंच्या अंगाखाली अंथरायला गेला. बाकी तीन तुकड्यांतून अकराशे किलोच्या आसपास गवत मिळालं, जुलैअखेर शेवटचा भारा काढला तेव्हा वासाला चहापत्तीसारखं. उन्हाळ्यात गोड पाक नव्हता म्हणून असेल, गाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. दूध 33 च्या खाली आलं नाही.

पेंढ्याचंही थोडं सुधारलं. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 50 लीटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून 21 दिवस हवाबंद झाकायचा. जानेवारीत हे एकदा केलं. सहा महिन्यांखालच्या वासरांना द्यायचा नाही, आणि उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवायचा.

कोणी विचारलं, सगळी वैरण अशीच करावी का, तर मी नाही म्हणतो. वहिनींनी मोजलं होतं, एका तुकड्याला अकरा वेळा हात लागले, आणि त्यातले बहुतेक हात बायकांचे. दीड टनापुढे हे घर जाऊ नये असं माझं मत. व्यालेल्या गाईच्या पहिल्या दोन महिन्यांपुरतं चांगलं गवत, बाकी पेंढा आणि सोबत खनिज मिश्रण, कारण पेंढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. वहिनींचं मत वेगळं आहे. त्यांना यंदा पाच तुकडे करायचे आहेत आणि मांडव दोन हवे आहेत. त्यांनी माझं दुधाचं थर्मामीटर परत दिलेलं नाही. ते अजून पाईपमध्ये सुतळीला लटकलेलं आहे, आणि संस्थेत मी नवं घेतलं आहे.